तीन खाटांची सावड

फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सिस्टर, बाई किती घेते?"

आजार काय, माणूस उठून बसतं की नाही, जेवण तोंडानं चालू आहे की नळीनं, हे सगळं मागाहून. सुरुवातीला मला याचा राग यायचा. आता येत नाही. विचारणाऱ्याच्या आवाजात कंजूषपणापेक्षा धास्ती जास्त असते, हे कळायला मला काही वर्षं लागली.

पांढरकवड्याला आणि आसपासच्या सरकारी दवाखान्यांत मी परिचारिका म्हणून नोकरी केली. निवृत्त झाले आणि घरी बसवेना. मग पुढच्या खोलीत टेबल टाकलं, दारावर 'घरपोच रुग्णसेवा' अशी पाटी लावली. धंदा सोपा होता. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी बाया पुरवायच्या. बाया मी स्वतः शिकवून तयार करत असे. अर्धांगवायूच्या माणसाची कूस ठरलेल्या वेळी बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात आणि त्या हाडापर्यंत जातात. घास द्यायचा तो माणसाला बसवून, लोळवून नाही. अंग पुसताना माणसाशी बोलायचं, त्याच्यावरून दुसऱ्याशी नाही. शेवटची गोष्ट शिकवायला सगळ्यात कठीण.

पण खरी अडचण शिकवण्यात नव्हती, पैशात होती. माणूस दवाखान्यात असतो त्या आठवड्याचे पैसे विमा देतो, सरकारी योजना देते. घरी आल्यावर पुढच्या आठ वर्षांचे कोणीच देत नाही. ते घरातल्यांनी द्यायचे, आणि आठ वर्षं लागतील की आठ महिने हे कोणाला ठाऊक नसतं. जगण्याची प्रार्थना करावी तर खर्च वाढतो. हे तोंडानं कोणी म्हणत नाही, डोळ्यांत दिसतं.

त्यातून काय काय नमुने भेटले! एक गृहस्थ म्हणाले, "बाबा हालचालच करत नाहीत, म्हणजे काम कमी. थोडं कमी करा ना." मी म्हटलं, हालचाल करत नाहीत म्हणूनच तर काम जास्त आहे. दुसरे एक म्हणाले, रविवारी आम्ही सगळे घरीच असतो, तेव्हा रविवारचा पगार कापू. मी बरं म्हटलं. पहिल्याच रविवारी दुपारी त्यांचा फोन. "सिस्टर, बाईले आत्ता पाठवता येते का? डबल देतो."

हसण्यावारी नेता येत नाहीत असेही होते. कापसाच्या एका जिनिंगमधले मुनीमजी होते. त्यांच्या पाठीची जखम माझ्या बाईनं भरून आणली. तिसऱ्या महिन्यात मुलांनी बाई बंद केली. झेपत नव्हतं, खोटं बोलत नव्हते. सून एकटी राहिली, घर, दोन लेकरं आणि हे. पुढच्या उन्हाळ्यात मुनीमजी पुन्हा दवाखान्यात गेले ते उठलेच नाहीत. सून माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, जणू तिनंच काही केलं. तिनं काय करायला हवं होतं, याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. ते मला मुकुटबनच्या कौसल्याबाईंनी दिलं, आणि तेही वाचा गेलेली असताना.

कौसल्याबाई शेतकरीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. कापसाचं आणि तुरीचं शेत त्यांच्याच नावावर, आणि गावात रस्त्याला लागून चार खोल्यांचं कौलारू घर. मुलगा विनोद पुण्याला कंपनीत. मुलगी वर्षा महागावला दिलेली. बाई एकट्या राहायच्या, स्वतः शेतावर जायच्या, मजुरांच्या आधी बांधावर हजर. एके सकाळी अंगणात कोसळल्या. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर विनोदनं मला फोन केला, आणि मी माझ्याकडची सगळ्यात चांगली बाई पाठवली.

तिचं नाव रेहाना. पांढरकवड्याची, नवरा ट्रकचे टायर बदलायच्या दुकानात. हसरी, आणि हात असा हलका की झोपलेल्या माणसाची कूस बदलली तरी झोप मोडत नसे. वर्षानं महिनाभराची रजा काढल्यासारखी महागावाहून येऊन मुक्काम ठोकला, आणि दोघींनी मिळून कौसल्याबाईंना सांभाळलं.

रेहानानं एक चाळा सुरू केला. रोज सकाळी एकेक वस्तू बाईंच्या समोर धरायची आणि नाव म्हणायची. चमचा. कप. फणी. "म्हना माय, फनी." बाईंच्या तोंडून नुसता वारा निघायचा. रेहाना शांतपणे पुढची वस्तू उचलायची. एक दिवस तिनं खिडकीतून दिसणाऱ्या गाईकडे बोट दाखवलं आणि बाईंनी स्वच्छ म्हटलं, "गाय." रेहाना रडली आणि हसली आणि गल्लीभर सांगत सुटली. त्यानंतर शब्द येत गेले, पण एकेक, आणि फार कष्टानं. ओठांपर्यंत आलेला शब्द अडायचा आणि बाई डाव्या हातानं खाट बडवायच्या.

मग विनोद पुण्याहून आला. त्यानं मलाही बोलावलं. बैठकीत आम्ही बसलो, तो, वर्षा आणि मी. रेहाना तिथंच खाटेवर बाईंना पाठीला उशा लावून बसवत होती.

विनोद वाईट मुलगा नव्हता. घराचे हप्ते, दोन मुलांच्या फिया, आणि दर महिन्याला आईचा खर्च, यानं त्याचा चेहरा ओढलेला होता. तो म्हणाला, "मी सगळा विचार केला आहे. शेत मक्त्यानं दिलं तर वर्षाचे ठरलेले पैसे येतील. त्यात एका बाईचा पगार निघतो. पण आईला दिवसाही माणूस लागतं आणि रात्रीही. दुसऱ्या बाईचे पैसे कुठून आणू? वर्षाताई किती दिवस घर सोडून राहणार? शेताला गिऱ्हाईक आहे. विकू. त्या पैशात तिला नागपूरला चांगल्या आश्रमात ठेवू."

"अन् मायले विचारलं?" वर्षा म्हणाली.

"तिला काय कळतंय आता?"

हे मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "विनोदभाऊ, त्यांची जीभ अडली आहे, डोकं नाही. तुम्ही बोलताय तो शब्द न् शब्द त्यांना समजतो आहे."

तो वरमला. पण हिशेब त्याचा खरा होता. एका बाईनं चोवीस तास करायचं म्हटलं तर महिन्याभरात ती स्वतःच अंथरूण धरते, हे मीच त्याला सांगितलं होतं. मला मुनीमजींची सून आठवत होती.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. "सा…"

आम्ही वळून पाहिलं. कौसल्याबाईंचा चेहरा लाल झाला होता. "सा… सा…"

"साखर?" रेहाना म्हणाली. "साडी बदलाची का, माय?"

बाईंनी जोरात मान हलवली. डाव्या हातानं खाट बडवली. "साव… साव…"

"सावकाश म्हणते," विनोद म्हणाला.

"नाई!" ते मात्र खणखणीत आलं. मग बाईंनी डोळे मिटले, सगळा जीव जिभेवर आणला आणि शब्द बाहेर ढकलला. "सावड."

वर्षा उठून उभीच राहिली. "सावड? माय, सावड म्हनून राह्यली तू?"

"हाव," बाई म्हणाल्या, आणि उशीला टेकून धापा टाकू लागल्या.

मी बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरांत वाढलेली. शेतीतलं मला ओ की ठो कळत नाही. वर्षानं मला समजावलं. "सिस्टर, आबांजवळ, आमच्या वडलांजवळ, एकच बैल होता. एका बैलानं काय होते? शेजारच्या काकांजवळही एकच. मग दोघांची सावड. जोडी जुंपाची, दोन दिवस आमचं वावर वखराचं, दोन दिवस त्याईचं. ज्याच्याजवळ जे हाये ते त्यानं आनाचं."

कौसल्याबाईंनी डावा हात उचलला. मधल्या खोलीकडे बोट केलं, मग मागच्या खोलीकडे, मग रेहानाकडे, मग स्वतःकडे. पुन्हा खोलीकडे. मला कळलं. अडतीस-चाळीस घरांत मी बाया पाठवल्या होत्या. प्रत्येक घरात एक म्हातारं माणूस, एक बाई, आणि प्रत्येक घर एकटंच त्या ओझ्याखाली वाकलेलं. एकाच घरात तीन खाटा टाकल्या तर दोन बायांत तिघींचं होत होतं. एका बैलाची शेतं होती ही सगळी, आणि जोडी जुंपायचं कोणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही.

विनोदला ते पटलं नाही. "आपल्या घराचा दवाखाना करायचा?" पण आई त्याच्याकडे बघत होती, आणि तो नजर चुकवू शकला नाही. शेवटी म्हणाला, "शेताचा सौदा उन्हाळ्यातच होईल. तोवर थांबतो. जमलं तर बरं. नाही जमलं तर माझं ऐकायचं."

मी कामाला लागले. दुसरी खाट मिळाली ती पांढरकवड्याहून. हायवेवर सलीम मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्याची आई फातमाबी, हात थरथरण्याचा आजार, घास तोंडापर्यंत जाता जाता सांडायचा. सलीमची बायको करून करून वाळली होती. मी बोलले तेव्हा तो पाना हातात धरून तसाच उभा राहिला.

"सिस्टर, सब ठीक है. पन अम्मी हिंदूच्या घरी राहीन का? अन् ते ठेवतीन का?"

"स्वतः येऊन बघा," मी म्हटलं.

तो आईला गाडीत घालूनच आला. फातमाबींनी दारातून आत पाहिलं, खाटेवरच्या कौसल्याबाईंकडे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला. "पश्चिम कोनीकडं हाये, बाई? नमाज बसूनच पढतो मी आता." कौसल्याबाईंनी डाव्या हातानं भिंतीकडे दाखवलं आणि मग रेहानाला खुणावलं. रेहाना आणि सलीमनं मिळून खाट फिरवली. फातमाबी राहिल्या.

तिसऱ्या रुक्मिणीबाई, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. लग्न केलेलं नाही. पेन्शन होती, पण आठवण जात चालली होती. भाचा त्यांना घेऊन आला, सगळं पाहिलं, मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "ते जेवण… ती बाई करते का? म्हणजे, मुसलमान?"

मी उत्तर देण्याआधीच रेहाना कौसल्याबाईंसाठी भाताची वाटी घेऊन आली. बोलणं तिनं ऐकलं होतं. पाय दारातच थबकले. कौसल्याबाईंनी तिला हातानं जवळ बोलावलं. भाच्याकडे रोखून बघत तोंड उघडलं. रेहानानं घास भरवला. बाईंनी तो सावकाश चावून गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं. भाच्यानं मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी रुक्मिणीबाईंची पेटी आली.

दुसऱ्या पाळीला मी सुनंदा नावाची बाई ठेवली, आणि सावड सुरू झाली. कौसल्याबाईंचं घर आणि मक्त्याचे पैसे. फातमाबींचे सलीम दर आठवड्याला आणून द्यायचा, कारण गॅरेजचा पैसा आठवड्यानं फिरतो. रुक्मिणीबाईंचे पेन्शनमधून. एकेकीच्या वाट्याला जे यायचं ते एकटीनं दोन बाया ठेवण्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. वर्षा महागावला आपल्या घरी परत गेली. जाताना आईच्या गळ्यात पडून रडली, पण ते रडणं वेगळं होतं.

गाव गप्प बसलं नाही. शेजारच्या शांताकाकू दोन-तीन बायांना घेऊन आल्या. "सिस्टरबाई, हे कायले करून राह्यले तुमी? उद्या रोज इथून तिरड्या निघतीन. लेकराबाळाचा रस्ता हाये."

वाद घालायचा नाही हे मी नोकरीत शिकले होते. मी म्हटलं, "आत या. चहा घ्या."

आमच्या धंद्याची परीक्षा नाकानं होते. म्हातारं, अंथरुणावरचं माणूस घरात असलं की दारातच कळतं. शांताकाकू उंबऱ्यावर थांबल्या, पदर नाकाशी नेला, मग खाली सोडला. चादरी पांढऱ्या, खिडक्या उघड्या. रुक्मिणीबाई खाटेवर बसून रेहानाला पाढे म्हणायला लावत होत्या आणि रेहाना मुद्दाम चुकत होती. फातमाबी हसत होत्या.

"वास नाई येऊन राह्यला," काकू पुटपुटल्या.

"येणारही नाही," मी म्हटलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणत्याही डॉक्टरनं पाठ थोपटली नव्हती इतकी ती त्या क्षणी थोपटली गेली. पुढच्या आठवड्यापासून काकूंच्या परसातली भाजी यायला लागली.

खरी कसोटी दिवाळीनंतर आली. ऐन वेचणीत पाऊस झाला, कापूस ओला झाला. शेत करणारा हात जोडून आला, मक्त्याचा दुसरा हप्ता दोन महिने उशिरा देतो म्हणाला. म्हणजे दोन महिने कौसल्याबाईंचा वाटा नाही. बायांचे पगार कुठून द्यायचे? मी विनोदला फोन करणार होते, आणि हेही ठाऊक होतं की फोन केला की शेत गेलं. सलीम त्या दिवशी आईला भेटायला आला होता. मी काही बोलले नव्हते, रेहानानं सांगितलं असावं. त्यानं खिशातून पैसे काढून माझ्यासमोर ठेवले.

"हे दोन महिन्यांचे आगाऊ, अम्मीचे. पगार करा."

मी संकोचले. तो कौसल्याबाईंकडे वळून म्हणाला, "काहून माय? एखाद्या टायमाले एक बैल बसला तं सावड थोडी मोडते?"

कौसल्याबाईंनी त्याचा काळपट, ऑइल मुरलेला हात आपल्या डाव्या हातात घेतला आणि किती तरी वेळ सोडला नाही. रुक्मिणीबाईंच्या भाच्यानंही एक महिना आधी दिला, तोच भाचा. हप्ता पुढे आला, सगळ्यांचं सगळं चुकतं झालं.

उन्हाळ्यात विनोद आला. सोबत गिऱ्हाईकाचा निरोप होता. तो फाटक उघडून आत आला आणि अंगणातच थांबला. ओसरीवर त्याची आई उभी होती. डावा हात वॉकरवर, उजवीकडून रेहानाचा आधार. एक पाऊल टाकलं. पाय ओढत, पण टाकलं. दुसरं टाकलं. मग मुलाकडे बघून म्हणाली, "आला… बाप्पा."

विनोदनं बॅग खाली ठेवली, तिथंच पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. संध्याकाळी त्यानं माझ्यासमोर फोन लावला. "नाही हो, शेत विकायचं नाही आता," एवढंच म्हणाला आणि ठेवून दिला.

फातमाबी पुढच्या हिवाळ्यात गेल्या. सकाळी चहा घेऊन, नमाज पढून, आडव्या झाल्या त्या झाल्या. शेवटची अंघोळ घालायला आलेल्या त्यांच्या नात्यातल्या बायांनी मला बोलावून दाखवलं. इतकी वर्षं आजार, आणि पाठीवर ओरखडासुद्धा नव्हता. सुनंदा आणि रेहाना एकमेकींना धरून रडल्या. दुःखाचं होतं, पण मी मनात म्हटलं, याला म्हणतात काम. शांताकाकूंना ज्या तिरडीची भीती होती, तो जनाजा निघाला तेव्हा त्या स्वतः दारात डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. आणि सलीम? त्यानं पुढचा महिनाही पैसे दिले. "खाट भरेपर्यंत बाकीच्याईवर बोजा कायले," म्हणाला.

आता मुकुटबन धरून अशी तीन घरं आहेत. एक पांढरकवड्याला, एक महागावला, ते वर्षानं आपल्या सासूसाठी आणि शेजारच्या दोघींसाठी सुरू केलं. मला फोन येतात, पहिला प्रश्न अजून तोच असतो. मी आता भाव सांगत नाही. विचारते, तुमच्याकडे काय आहे? कोणाकडे खोली असते, कोणाकडे पेन्शन, कोणाकडे दोन मोकळे हात. गरिबातल्या गरिबाकडेही काहीतरी निघतं. सगळीकडे जमतं असं नाही. दोन ठिकाणी भावाभावांत फिसकटलं, खाटा उचलाव्या लागल्या. मुनीमजींच्या सुनेला हे तेव्हा सांगता आलं असतं तर, हे मात्र मनातून जात नाही.

मागच्या वर्षी विनोद पुन्हा आला, या वेळी बायकोसह. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग आईच्या खाटेवर बसून, जमिनीकडे बघत म्हणाला, "आई, सुलभाच्या आईचं आता घरी होत नाही. पडल्या. सुलभाची नोकरी आहे, माझी आहे. पुण्यात बाई ठेवून पाहिली, परवडत नाही. तुझ्याकडची फातमाबींची खाट रिकामी असली तर…" पुढं त्याला बोलवेना. सुलभा ओढणीचं टोक पिळत उभी होती.

कौसल्याबाईंनी त्याला थोडा वेळ तसंच बसू दिलं. मला वाटतं, तेवढा त्यांचा हक्क होता. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "घेऊन ये."

त्या यायच्या दिवशी बाईंनी रेहानाकडून केस विंचरून घेतले, ठेवणीतलं हिरवं लुगडं काढायला लावलं आणि खुर्ची दारात ठेवायला सांगितली. गाडी थांबली. पुण्याच्या बाई, कानडी काठाची साडी, अंगानं खचलेल्या, विनोद आणि सुलभाच्या आधारानं उतरल्या. जावयाच्या आईच्या घरी असं यायचं, याची लाज त्यांच्या मानेत दिसत होती. नजर वर उचलवत नव्हती.

कौसल्याबाईंनी वॉकरवर डावा हात रोवला आणि उठल्या. रेहाना धरायला पुढं झाली, तिला मानेनं नको म्हटलं. स्वतःच्या उंबऱ्यात, स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. आणि आजारपणानंतरचं पहिलं लांब, सबंध वाक्य, एकही शब्द न अडता, आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"या इहीनबाई, लाजता कायले, घर आपलंच हाये."